गोळा, फुली, गोळा

रविवार, रात्री उशिरा.

घरी येऊन तीन तास झाले तरी जमीन हलतेय. अंघोळ करताना भिंत धरावी लागली. हे दर वेळी होतं, दोन दिवस लाटांची सवय लागली की कानातला तोल जमिनीवरही लाटा शोधत बसतो. त्याचं काही नाही. डोक्यातून जात नाहीये तो दोर.

शनिवारी संध्याकाळी क्लबाच्या सहलीत आमच्या चारही शिडाच्या बोटी एकमेकींना बांधल्या. आप्पांची सगळ्यात जड, म्हणून नांगर तिचा एकटीचा आणि बाकीच्या तिच्या कुशीला. आप्पांनी सवयीप्रमाणे हिशेब मोठ्यानं केला: पाणी चार मीटर, मध्यरात्री भरतीला आणखी दोन, बोटीचं नाक पाण्यापासून एक मीटर उंच, झाले सात. नांगराची साखळी याच्या पाचपट, म्हणजे पस्तीस, पण ओढणाऱ्या चौघी आहेत तेव्हा चाळिसाच्या पुढे सोडा. आमची बोट थोडी मागे सरकवून घेतली, कारण डोलकाठ्या शेजारी-शेजारी आल्या तर हेलकाव्यात वरच्या वर भिडतात. मग फेंडर (बोटी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे टांगायच्या उशा), पुढचा दोर, मागचा दोर आणि दोन तिरपे स्प्रिंग. स्प्रिंग नसले की बोटी रात्रभर पुढे-मागे घासत राहतात.

उजवीकडचा स्प्रिंग मी बांधला. क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या दोन शिंगांच्या खुंटीला, आधी पूर्ण वेढा, मग इंग्रजी आठ आणि शेवटी दोर उलटून स्वतःखालून काढलेला फास. कोर्समध्ये शिकवला तस्साच. उरलेल्या दोराचं वेटोळं नीट टांगून ठेवलं. खाली जाण्याआधी दोनदा वळून बघितलं त्याच्याकडे, खोटं कशाला बोला.

पहाटे दोन ते चार माझा पहारा. वर आले, टॉर्च मारला, तर फास नाही. वेढा, फुली आणि वरून पुन्हा पूर्ण वेढे. क्लबातले जुने लोक बांधतात तसं, गोळा-फुली-गोळा.

कुणीतरी माझा दोर सोडून पुन्हा बांधला होता. आणि मला सांगितलं नव्हतं.

पहाऱ्यावर करायचं असतं थोडकंच. प्लॉटरवर, म्हणजे नकाशाच्या पडद्यावर, नांगराभोवतीच्या वर्तुळाबाहेर तर गेलो नाही ना ते बघायचं, वारा बघायचा, दोरांवरून एक फेरी मारायची. बारानंतर ओहोटी लागली होती आणि सगळा जुडगा वळून दुसरीकडे तोंड करून उभा होता. सहा तासांच्या ओहोटीत पाणी बाराव्या हिश्शांनी उतरतं: एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं आणि ते दोन तास नेमके माझे. बोटीखालून पाणी खळखळत होतं. मी क्लीटसमोर मांडी घालून बसले होते आणि मला रडू येत होतं. एका दोरावरून.

पाच वर्षं झाली. यादीत अजून माझं नाव 'क्रू'च्या रकान्यात. मोकळ्या पाण्यात सुकाणू देतात, बंदरात शिरताना कुणीतरी अलगद काढून घेतं. 'दे, मी बघतो.' आवाज किती गोड असतो त्यांचा तेव्हा. लहानपणी मी घड्या घालून ठेवलेले कपडे आई नंतर गुपचूप... असो. तो विषय आज नको.

पण सांगायला काय झालं होतं? हाच प्रश्न घेऊन दोन तास बसले. 'अगं, तुझा फास काढलाय' एवढी चार शब्दांची गोष्ट. चुकलं असेल तर चुकलं म्हणा. न बोलता दुरुस्त करायचं म्हणजे समोरच्याला सांगण्याच्याही लायकीचं धरायचं नाही.

मग काय केलं? पावणेचारला दोर सोडला आणि पुन्हा माझ्या पद्धतीनं बांधला. फास मुद्दाम घट्ट ओढला.

सकाळी सहाला वर आले, तर गोळा-फुली-गोळा.

हसूच आलं आधी. म्हणजे रात्रभर एका क्लीटवर माझा कुणाशी तरी वाद चालला होता आणि तो कोण हे मला ठाऊक नाही. चार ते सहा आप्पा आणि धाकटा होते. पण काकू कधी झोपतात हे कुणाला कळलेलं नाही. नवीन जोडप्यातली तीही असू शकते. शनिवारी तिनं फेंडर फार खाली बांधले होते तेव्हा मी चार बोटींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, 'अगं वर घे, पाण्याला लावायचेत का बोटीला?' तिचा चेहरा पडला होता. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

आता न्यायानं सांगायचं तर फासाविरुद्ध बोलण्यासारखं आहे. लहान क्लीटवर जाड दोर असला, ताण आला, की फास आवळून बसतो आणि ऐन वेळी सुटत नाही. खरं तर क्लबात रात्रीसाठी जुडगा मोडतात, ज्याचा त्याचा नांगर टाकतात. काल अंदाजात बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) दोनच्या वर वारा नव्हता म्हणून राहिलो तसेच. पण अंदाज चुकला असता, वारा ओहोटीच्या उलट सुटला असता, तर अंधारात चार बोटी भराभर मोकळ्या कराव्या लागल्या असत्या. अशा वेळी माझ्या त्या देखण्या फासाशी नखांनी झटापट करत बसलेली मी! हे सगळं मला कळतं. कोर्सवाले फास शिकवतात, जुने लोक नाकं मुरडतात, दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं समुद्रात काढलेली माणसं आहेत. वाद त्याचा नाहीच.

सांगितलं का नाही, एवढंच.

की सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हे त्यांना माहीत होतं? पावणेचारला मी काय केलं ते बघता...

सकाळी न्याहारीला सगळ्यांचे चेहरे तपासले. कुणी डोळा चुकवतंय का बघितलं. सगळे नेहमीसारखे. आप्पा सगळ्यांना हवामान वाचून दाखवत होते, काकू दुसऱ्या बोटीवर जाताना शिस्तीत डोलकाठीच्या पुढून गेल्या (शेजारच्यांच्या कॉकपिटमधून चालत जाणं म्हणजे त्यांच्या बैठकीतून जाणं, हे नवीन लोकांना काकूच सांगतात). पाय अनवाणी. आवाज शून्य. मी वहीत खूण केली असती, वही हाताशी असती तर.

सुटायची वेळ झाली. आप्पा म्हणाले, 'उजवीकडचा स्प्रिंग.' तीन हालचालींत दोर माझ्या हातात होता. कुणी काही म्हणालं नाही. माझा फास असता तर अडला असता? बहुतेक नसता. तेवढा ताणच नव्हता त्याच्यावर.

परतीला छान वारा मिळाला, बोफर्ट चार, अकरा ते सोळा नॉट, सगळीकडे पांढरे तुरे. पहिली रीफ, म्हणजे शिड थोडं लहान करणं, आप्पांनी निघण्याआधीच घ्यायला लावली. तासातासाला रेडिओवर हजेरी आणि दर हजेरीत आम्ही शेवटचे. पाण्याला टेकणारी लांबी कमी असली की वेगालाही हद्द येते, आमची बोट सगळ्यांत आखूड. पूर्वी याचं फार वाईट वाटायचं. आज सुकाणू माझ्याकडे होतं, पुढे तीन शिडं दिसत होती आणि बराच वेळ दोर आठवला नाही.

मग धक्का आला. 'दे, मी बघतो.' दिलं.

पण दोर मीच बांधला. वेढा घातला, फुली घातली आणि हात थांबला. पुन्हा एक वेढा घालून टाकला. दमले होते. काकू जाता जाता क्लीटकडे बघून म्हणाल्या, 'गुडघा बरा आहे ना गं आता?' एवढंच. गुडघा मागच्या वर्षीचा आहे.

आत्ता पुढच्या सहलीचा मेसेज आलाय. पहाऱ्याच्या वेळा मागितल्यात. मी बारा ते दोन आणि चार ते सहा, दोन्ही लिहून पाठवलंय. दोर मी माझ्याच पद्धतीनं बांधणार. मधले दोन तास झोपणार नाही. टॉर्च बंद ठेवणार.