रिकाम्या दाढेचे शेजारी

खालच्या जबड्यातील उजवी पहिली दाढ काढल्यानंतर तब्बल चार वर्षे मी ती जागा रिकामीच ठेवली. डाव्या बाजूने चावून भागत होते आणि हसताना ती खिंड कोणाला दिसतही नव्हती. मागच्या हिवाळ्यात हुरडा खाताना डावी बाजूही दुखू लागली, तेव्हा मेडिकल चौकाजवळच्या एका दवाखान्यात गेलो.

एक्स-रे पाहून कळले की मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली होती आणि वरची दाढ, खाली अडवणारे कोणी नसल्यामुळे, थोडी खाली उतरली होती. अशी रिकामी जागा भरण्याचा एक उपाय म्हणजे ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले तीन दात: दोन्ही शेजाऱ्यांवर कॅप आणि त्यांच्या आधाराने मधे तोललेला खोटा दात. तो एकाच दिशेने सरळ खाली बसावा लागतो, म्हणून आधाराचे दोन्ही दात परस्परांना समांतर होतील असे घासावे लागतात. कललेली दाढ त्यासाठी इतकी घासावी लागणार होती की आतील नसेला धोका होता. म्हणून आधी तिचे रूट कॅनॉल करावे लागले. पहिल्याच वर्षी आलो असतो, तर बहुधा ते टळले असते.

घासलेले दंतवल्क, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, पुन्हा येत नाही, त्यामुळे शेजारचे दात अगदी निरोगी असतील तर इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताचा, विचार आधी करावा, असे माझे मत झाले आहे. माझ्या रिकाम्या जागेच्या पुढच्या दातात आधीच मोठे सिमेंट भरलेले होते आणि इम्प्लांट हाडात पक्का होण्यासाठी लागणारे तीन ते सहा महिने थांबण्याची तयारी नव्हती, म्हणून मी झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचा ब्रिज निवडला. माप दिल्यावर आठवडाभर तात्पुरत्या कॅपवर काढले; कायमचा ब्रिज चिकटवण्यापूर्वी निळा कागद चावायला देऊन उंच लागणारे ठिपके घासून घेतले. डॉक्टरांनी सुपारी आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) वर्ज्य सांगितला. खर्ऱ्याच्या वाटेला मी कधी गेलो नाही, पण जेवणानंतरची सुपारी सोडणे मात्र जड गेले.

खोट्या दाताला कीड लागत नाही. ती लागते कॅपच्या कडेला, खऱ्या दाताला. तिन्ही दात जोडलेले असल्याने दातांच्या फटी साफ करायचा साधा दोरा (फ्लॉस) वरून आत जात नाही, तो कडक टोकाच्या साहाय्याने बाजूने खोट्या दाताखालून ओवावा लागतो. पहिल्या आठवड्यात आरशासमोर या कामाला दहा मिनिटे लागत; आता दोन मिनिटांत होते.