नव्या वस्तीत रुळायचं तर रोज तीच वेळ, तोच रस्ता

घर बदललं की सगळा जीव सामान लावण्यात अडकतो, आणि खोकी रिकामी झाली की आपण स्थिरावलो असं वाटतं. घर आठवड्या-दोन आठवड्यांत लागतं, वस्ती अंगवळणी पडायला मात्र काही महिने जातात. हा काळ कमी करता येतो. त्यासाठी बोलका स्वभाव लागत नाही. तीच माणसं त्याच वेळी पुन्हा पुन्हा भेटतील अशी दिनचर्या लागते.

त्याआधी घरातली दोन कामं पहिल्याच दिवशी उरका. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा. दांडीचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपाला समांतर म्हणजे चालू, काटकोनात म्हणजे बंद. गोल चाकाचे जुने व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम होतात. जोर लावला तर आतला दांडा तुटू शकतो, आणि मग पाणी थांबवायचं साधनच हातातून जातं. हलक्या हाताने फिरत नसेल तर प्लंबरकडून बदलून घ्या. दुसरं काम विजेच्या बोर्डाचं. एकाने एकेक एमसीबी (घराच्या एकेका भागाची वीज तोडणारा खटका) खाली पाडायचा, दुसऱ्याने खोल्यांतून फिरून काय बंद झालं ते ओरडून सांगायचं आणि लगेच चिठ्ठी चिकटवायची. मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा, दाराचं कुलूप बदला.

पहिल्या रात्री झोप नीट लागली नाही म्हणून घरावर शिक्का मारू नका. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग गाढ झोपेतही जास्त सावध राहतो. तीच उशी, धुतलेली नसली तरी तीच चादर आणि पलंगाची तीच बाजू ठेवली तर जागा लवकर ओळखीची वाटते. रात्रीचे आवाज कशाचे आहेत हे दिवसा शोधून काढा. पंप, लिफ्ट, शेजारचा कॉम्प्रेसर… कशाचा आवाज आहे हे कळलं की त्याची धास्ती बरीच कमी होते.

आता रस्ता. साधारण एक किलोमीटर म्हणजे बारा-पंधरा मिनिटांची चाल. घरापासून चारही दिशांना तेवढं चालून या. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, एकदा अंधार पडल्यावर, एकदा सुट्टीच्या दिवशी, कारण तोच रस्ता या तीन वेळी तीन वेगळे रस्ते असतात. जाताना हवं तर फोनवरचा नकाशा वापरा, पण परत येताना फोन खिशात ठेवा. स्क्रीनकडे बघत चाललं की वळणं डोक्यात बसत नाहीत. प्रत्येक वळणावर एकदा मागे वळून पाहा, कारण परतताना तो कोपरा उलट्या बाजूने दिसतो, आणि माणूस चुकतो तो नेमका तिथेच. रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान, शेवटच्या बसची वेळ, बंद पडलेले दिवे लक्षात ठेवा. घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची ठळक खूण कागदावर लिहून दाराशी लावा. रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर घाबरलेल्या माणसाला नवा पत्ता आठवत नाही.

माणसांच्या बाबतीत घराची जागाच बरंच काही ठरवते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीत केलेला अभ्यास 1950 साली प्रसिद्ध झाला. अगदी शेजारच्या दारातल्या 41 टक्के लोकांनी एकमेकांशी जवळची मैत्री असल्याचं सांगितलं. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही होत्या. तुमचं दार कोपऱ्यात असेल तर आपोआप होणाऱ्या भेटी कमीच होणार, त्या ठरवून घडवाव्या लागतात. चालायची वेळ रोज तीच ठेवा, किरकोळ खरेदी एकाच दुकानातून करा, बाकावर बसायचंच असेल तर येण्याजाण्याच्या वाटेवरच्या बाकावर बसा.

पहिलं बोलणं छोट्या प्रश्नाने करावं: कचरा कोणत्या दिवशी नेतात, पाण्याचा दाब कधी कमी असतो? दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा प्रश्न समोरच्यालाही सोपा जातो. ‘काही लागलं तर सांगा’ या वाक्याने संभाषण तिथेच संपतं. नाव कळलं की घर क्रमांकासह लगेच टिपून ठेवा. तिसऱ्या भेटीत नाव विचारायला संकोच वाटतो आणि मग माणसं बोलणंच टाळतात. पहिल्या महिन्यात वस्तीच्या गटावर तक्रार टाकू नका. अडचण असेल तर दारावर जाऊन बोला.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो, घट्ट मैत्रीला 200 तासांहून जास्त. रोज दहा मिनिटं भेटलात तर 50 तासांना 300 दिवस लागतील. आठवड्याला दोन तास एकत्र घालवले तर 25 आठवडे. म्हणून एखादा साप्ताहिक वर्ग, खेळ किंवा वाचनालयातला उपक्रम धरा आणि सोडू नका. दर सुट्टीला जुन्या वस्तीत जाणं मात्र कमी करा. केस कापणं, खरेदी, फिरणं इकडे आणा. अपवाद फक्त चालू उपचारांचा: नव्या डॉक्टरांनी जुने कागद बघेपर्यंत आधीचे डॉक्टर सोडू नयेत.

घरात वृद्ध असतील तर पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत रात्रीचा छोटा दिवा लावा. अर्धवट झोपेत त्यांचा हात जुन्या घरातल्या बटणाच्या दिशेने जातो आणि तोल जातो. मांजर असेल तर तिला सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा, दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका. लवकर सोडलं तर ती जुन्या घराच्या शोधात निघू शकते.