धबधब्याची उलटी बाजू

आईला कुठलीही नवीन वस्तू दाखवली की ती आधी उलटून बघते. स्वेटर असला तर आतली वीण, ताट असलं तर बुडाचा शिक्का, भरतकाम असलं तर मागे गाठी किती मारल्यात ते. तिचं माहेर येवल्याचं, त्यामुळे हे रक्तातच आहे म्हणा, कारण हातमागावरची खरी पैठणी ओळखायची खूण तीच, पदर उलटा करायचा, नक्षी दोन्हीकडून सारखी दिसली तर खरी, आणि मागे धागे लोंबत असतील तर चहा पिऊन निघायचं. लहानपणी तिच्याबरोबर दुकानात जायची मला लाज वाटायची, दुकानदार कौतुकाने पदर पसरून दाखवतोय आणि ही बया सरळ खालून हात घालून तो पालथा करतेय.

2019 च्या मे महिन्यात ती आमच्याकडे आली होती, अमेरिकेत, ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या शेजारी बीव्हर्टनला. पहिल्या तीन आठवड्यांत घरातलं उलटण्यासारखं सगळं उलटून झालं, गालिचासुद्धा. मग एका शनिवारी म्हटलं चला, हिला सिल्व्हर फॉल्स दाखवू.

हे एक स्टेट पार्क आहे, आमच्याकडून सव्वा तासावर. एका दरीत दहा धबधबे आणि सगळे एकाच ट्रेलवर, पूर्ण चक्कर मारली तर 7.2 मैल, म्हणजे साडेअकरा किलोमीटर. आईचे गुडघे बघता आम्ही पूर्ण मारणार नव्हतो. पण तिने तयारी पूर्ण केलेली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बाटली आणि एक भली मोठी पिशवी, जी मी पार्किंगमध्ये उघडून बघितली तर आत चौघांचे कपड्यांचे जोड आणि दोन पंचे. "अगं आई हे कशाला?" "धबधब्याला चाललोय ना? मग भिजल्यावर घालणार काय?"

आता हिला काय सांगणार. आपल्याकडे धबधबा म्हणजे भिजणं, त्यात दुसरा विचारच नाही. सोमेश्वरला जा नाहीतर भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसा, डोक्यावर पाणी घेतलं नाही, नंतर कुडकुडत कणीस किंवा भजी खाल्ली नाहीत तर तुम्ही गेलाच नाहीत. इथे लोक वॉटरप्रूफ जॅकेट घालून धबधबा बघायला येतात आणि कोरडेच घरी जातात. मला सुरुवातीला हे लग्नाला जाऊन न जेवता येण्यासारखं वाटायचं.

साउथ फॉल्स पार्किंगपासून अगदी जवळ आहे, 177 फुटांचा, एका उडीत सरळ खाली. आपल्याकडचे धबधबे कसे कातळावर आपटत धोपटत येतात, हा तसा नाही, मोरीत कोणी वरून धार धरावी तसा सुटा पडतो. कारण खाली गेल्यावर दिसतं. वरचा थर लाव्हाच्या कठीण दगडाचा आणि त्याच्या खालचा थर मऊ, तुषारांनी, पाझरांनी, हिवाळ्यातल्या गोठण्या-वितळण्याने तो खालचा थर झडत झडत मागे सरकला, त्यामुळे वरचा दगड छपरासारखा पुढे राहिलाय आणि धबधब्याच्या मागे मोठी कपार तयार झालीये. पायवाट सरळ त्या कपारीतून जाते. दहापैकी चार धबधब्यांच्या असं मागून जाता येतं.

हे मी आईला आधी सांगितलं नव्हतं. ती समोरच्या कठड्यापाशी उभी राहून म्हणाली, छान आहे. तिचं ते सगळ्यांना माहीत असलेलं "छान आहे", जे ती न आवडलेल्या भाजीलाही म्हणते. मग वळण घेऊन वाट आत जायला लागली, छप्पर डोक्यावर आलं, आवाज एकदम बदलला, म्हणजे बाहेर जो सरसर होता तो आत गेल्यावर छातीत वाजायला लागला, आणि ती मधोमध उभी राहिली. समोर पांढरा पडदा, त्याच्या फटींतून पलीकडची हिरवी झाडं तुकड्या-तुकड्यांत दिसतायत. तिने आधी छताला हात लावला. मग पाण्याकडे पाहिलं, मग परत छताकडे. म्हणाली, "अगं, हा तर आपलाच काळा दगड."

आणि खरंच आपलाच की. बसाल्ट. सह्याद्रीचा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा दीड कोटीच्या आसपासचा, म्हणजे नात्याने लांबचा धाकटा भाऊ धरा. नॉर्थ फॉल्सच्या मागच्या छताला वर गोल गोल भोकं आहेत, तिथे लाव्हा आला तेव्हा झाडं उभी होती, लाव्हा त्यांच्याभोवती थिजला, झाडं गेली आणि त्यांच्या जागा राहिल्या. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची, ती त्या भोकाखाली उभी राहून वर बघत "आजी, इथे झाड होतं, आता झाडाचं नसणं आहे" असं काहीतरी म्हणाली, मराठी जरा वेगळीच आहे तिची, पण मला अजून त्याच्यापेक्षा बरं वाक्य सुचलेलं नाही.

मधेच आईला एक शंका आली. शंकराला प्रदक्षिणा घालताना पन्हाळीचं पाणी ओलांडत नाहीत, अर्धी घालून मागे फिरायचं असतं, मग हे? दोन मिनिटं विचार करून तिचा तिनेच निकाल दिला, आपण मागून गेलो, पाणी ओलांडलं कुठे, चालतं. पुढे ओढ्यावरचा पूल तिने न विचारता पार केला, त्याबद्दल मीही काही बोलले नाही.

लोअर साउथ फॉल्सला उतरायला पायऱ्याच पायऱ्या आहेत. उतरताना नवरा पुढे, आई मधे, "जावईबापू, तुम्ही जरा हळू" असं दर चार पायऱ्यांना, आणि परतीचा मेपल रिज ट्रेल चढताना तोच संवाद उलट्या दिशेने. उंच डग्लस फर, हेमलॉक, मेपलच्या फांद्यांवर शेवाळ्याच्या गोधड्या टाकल्यासारख्या, खाली नेचे कमरेपर्यंत. ओढ्यातल्या दगडावर एक करडा पक्षी सारखा उठाबशा काढत होता, डिपर म्हणतात त्याला, एकदम पाण्यात बुडी मारतो आणि ओढ्याच्या तळाशी किडे शोधत फिरतो. लेकीने त्याच्या उठाबशा मोजल्या. कोणी शिक्षा केली असेल बिचाऱ्याला.

वर येऊन दशम्या खाताना आईने विचारलं, हे जंगल पहिल्यापासून असंच होतं का गं. मी वाचून गेले होते म्हणून बरं. असं अजिबात नव्हतं. इथे लाकूडतोड झालेली, आणि 1926 मध्ये नॅशनल पार्क करायचं का म्हणून तपासणी झाली तेव्हा तोडलेल्या झाडांचे खुंटच खुंट दिसतात, फार कुरूप आहे असं म्हणून जागा नाकारली. आज ज्या जागेचा फोटो कॅलेंडरवर शोभतो ती दिसायला चांगली नाही म्हणून नापास झाली होती! त्याच काळात साउथ फॉल्सच्या जमीनमालकाने तिकीट लावून तमाशे सुरू केले होते, जुन्या मोटारी वरून धबधब्यात ढकलून द्यायच्या आणि लोकांनी खालून बघायचं. 1928 मध्ये तर अल फॉसेट नावाचा एक गडी होडीत बसून वरून खाली आला, जखमी झाला पण वाचला. आई म्हणाली, "आणि आपण भिजलो की तुला लाज वाटते."

या सगळ्यात जून ड्रेक नावाच्या, जवळच्याच सिल्व्हर्टन गावातल्या फोटोग्राफरने वर्षानुवर्षं धबधब्यांचे फोटो काढून ही जागा वाचवा म्हणून लावून धरलं. (जून हा पुरुष आहे. आईने तोवर मनात एक बाई उभी केली होती, ती तिला पुसावी लागली, जरा नाराज झाली.) 1933 मध्ये स्टेट पार्क झालं, आणि मंदीच्या त्या काळात सरकारने बेकार तरुण पोरांना कामाला लावून वाटा, दगडी कठडे, तो लाकूड-दगडाचा लॉज, सगळं बांधून घेतलं. इथे आई एकदम ताठ बसली. "म्हणजे रोजगार हमी." बहात्तरच्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती, येवल्याच्या बाहेर खडी फोडायच्या कामावर गेलेली माणसं तिने पाहिलीयेत, त्यातले काही एरवी मागावर बसणारे हात. मग निघताना ती लॉजच्या बाहेरच्या भिंतीजवळ गेली आणि दगड कसे बसवलेत ते दोन मिनिटं बघत राहिली. छान आहे म्हणाली नाही.

सेलम हे ओरेगनच्या राजधानीचं गाव तिथून चाळीसेक मिनिटांवर, लेकीला कॅरोसेलचं, म्हणजे लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्राचं, आमिष दाखवलेलं असल्यामुळे परत येताना तिथल्या रिव्हरफ्रंट पार्कला थांबणं भाग होतं. नदीचं नाव विलॅमेट, आईने पहिल्याच दिवशी तिची विलायती करून टाकलेली. शांत रुंद नदी, गवत, पायी जाणाऱ्यांसाठी पांढरा कमानीचा पूल, बाकांवर म्हातारी माणसं. सकाळच्या मानाने सगळं सपक वाटेल असं मला वाटलं होतं.

पण तिथे एक मोठा थोरला पृथ्वीचा गोल आहे, दुमजली घराएवढा, तेव्हा अंगभर रंगीत फरशांचे तुकडे, खंड, मासे, पक्षी, काय काय. आईने भोवती एक फेरी मारली आणि विचारलं, आत काय आहे? आता बघा, बाकी कोणी हा प्रश्न विचारत नाही. तर ती मुळात ॲसिडची टाकी आहे. या जागी आधी कागदाची गिरणी होती, लाकडाचा लगदा शिजवायला लागणारं ॲसिड त्या गोळ्यात असायचं. टाकीची गरज संपली, पार्क झालं, आणि 2003 मध्ये गावातल्या पोराटोरांनी केलेल्या फरशांनी टाकीची पृथ्वी झाली. आई म्हणाली, "तरीच." तरीच काय ते सांगितलं नाही.

कॅरोसेलचे लाकडी घोडे गावातल्याच स्वयंसेवकांनी कोरलेत, 2001 मध्ये ते सुरू झालं. लेक दोनदा बसली. मी आईला माझ्याकडचं शेवटचं ज्ञान दिलं, की जुन्या अमेरिकन कॅरोसेलमध्ये घोड्याची बाहेरची, लोकांना दिसणारी बाजू जास्त नटवलेली असायची, फुलं, झालरी, रत्नं, आणि आतली बाजू साधी. झालं! फिरतं चक्र थांबल्यावर ही बाई त्या घोड्यांच्या मधून आत शिरली आणि एकेकाची डावी बाजू बघत फिरायला लागली, बाहेर पोरांची रांग खोळंबलेली, नवरा लांब जाऊन नदी बघत उभा राहिलेला. लहानपणची ती दुकानातली लाज मला पुन्हा आली, पण अर्धीच, कारण मलाही बघायचं होतं. मी गेले मग मागोमाग.

घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले तरी लख्ख ऊन. कपड्यांचे चारी जोड घडी न मोडता परत आलेले, त्याचं आईला वाईट वाटत होतं. धबधब्याच्या मागे उडालेल्या पाण्याने जॅकेटं आणि मोजे मात्र दमट झाले होते, ते मी ड्रायरमध्ये टाकणार तेवढ्यात तिने हातातून काढून घेतले आणि बाथरूमच्या दांडीवर एकेक करून वाळत घातले, सगळे उलटे करून. बाहीत हात घालून बाही ओढून काढत म्हणाली, सुलट घातले की रंग उडतो.

"आई, बाथरूममध्ये ऊन कुठंय?"

"असू दे," म्हणाली आणि मोज्याची शिवण बघायला लागली.