रागाचा अभ्यास

"बाकीच्यांचा राग तो अन्यायाविरुद्धचा, आणि आमचा राग तो आजार?"

आज जेवायला बसलो असताना इथला, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा, माझा गोरा सहकारी म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण कागदी रुमालाची घडी तो पुन्हा पुन्हा घालत होता. त्याच्या वडिलांची विचिटातल्या विमान कारखान्यातली नोकरी गेली, तेव्हा तो शाळेत होता.

विषय कॅन्सस विद्यापीठाच्या २०१९ मधल्या 'अँग्री व्हाइट मेल स्टडीज', म्हणजे 'चिडलेल्या गोऱ्या पुरुषांचा अभ्यास', या कोर्सचा. १९५० च्या दशकापासून अमेरिका-ब्रिटनमध्ये हा राग कसा वाढला, त्याची मुळं कुठली, हे त्यात शिकवायचं होतं. खासदार रॉन एस्टेस यांनी आक्षेप घेतला, की यामुळे विद्यार्थ्यांत फूट पडेल.

नाव मलाही खटकतं. दारावरच निकाल लिहिला तर ज्याच्याबद्दल बोलायचंय तो आत येईल का?

पण कोर्सच नको, हे मला अजिबात पटत नाही. याच राज्यात, ओलेथमध्ये, २०१७ साली 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत एका गोऱ्याने भारतीय इंजिनियरला गोळ्या घालून मारलं. त्याला अडवायला धावला तोही गोराच. त्यालाही गोळी लागली.

एकाच मातीतली ही दोन माणसं इतकी वेगळी कशी झाली, हे विद्यापीठात नाही विचारायचं तर कुठे?