वांडा लांदोव्स्का यांचे दप्तर

फोंड्याच्या पावसाळ्यात घरच्या पेटीच्या पितळी सुरांवर हिरवट गंज चढू लागला, की वाद्ये आणि वह्या जपणे किती कष्टाचे असते ते कळते. विस्मृतीत गेलेल्या हार्पसिकॉर्डला, म्हणजे पट्ट्या दाबून तारा छेडल्या जाणाऱ्या जुन्या युरोपीय वाद्याला, विसाव्या शतकात पुन्हा मैफलीत आणणाऱ्या वांडा लांदोव्स्का यांच्यासाठी पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने १९१२ मध्ये भक्कम, चामड्याच्या नख्यांनी तारा छेडणारे वाद्य घडवले. जुन्या नाजूक वाद्यांच्या मानाने ते मला जरा अवजडच वाटते. १९४० मध्ये नाझींनी पॅरिसजवळच्या त्यांच्या घरातील वाद्ये आणि ग्रंथसंग्रह लुटला. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या कितीतरी वह्या वाळवीनेच संपवल्या. लांदोव्स्कांची उरलेली कागदपत्रे मात्र शिष्या डेनिस रेस्तू यांनी सांभाळली आणि ती आता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.