ज्याची त्याची चोरी

मे महिन्यातल्या एका दुपारी, रस्त्यावर कुत्रेही फिरकत नव्हते अशा उन्हात, मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या दुकानात बसलो होतो. बहिणीने परगावी 'अस्सल सोलापुरी' म्हणून घेतलेली चादर दुकानदार अण्णांच्या नजरेखालून घालायची होती. अण्णांनी ती उलटी केली, काठ चिमटीत धरून चुरगाळला, एक धागा ओढून काडीने पेटवला. सुताची राख होते. इथे धाग्याच्या टोकाशी काळी, कडक गोळी जमली. "पानिपतचा माल," अण्णा म्हणाले, "एकदा पानिपत झालं ते पुरे नव्हतं बघा!" मग भौगोलिक मानांकन, म्हणजे ज्या गावचा माल त्यालाच त्या गावचे नाव लावण्याचा हक्क, त्याचा 1999चा कायदा, आमच्या नावावर विकून खाणारे लोक असे सगळे निघाले, आणि "ही सरळ सरळ चोरी आहे" यावर त्यांनी काउंटरवर हात आपटला.

त्या हादऱ्याने टॉवेलांच्या थप्पीला टेकवलेला मोबाइल घसरला. त्यात नुकताच प्रदर्शित झालेला एक तेलुगू सिनेमा चालू होता. नायकाच्या प्रवेशाला कुठल्याशा चित्रपटगृहातल्या शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक काळे डोके उठून, बहुधा चहाला, निघून गेले. अण्णांनी मोबाइल पुन्हा नीट टेकवला. चित्रपटगृहात असे चित्रीकरण करणाऱ्याला सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाखांचा दंड होऊ शकतो, हे मला ठाऊक होते. ते मी बोललो नाही, कारण सिनेमा रंगात आला होता.

अण्णा ढोंगी आहेत असे मला मुळीच वाटत नाही. हिशेबात रुपया जास्त आला तर गिऱ्हाइकाला हाक मारून परत करणारा हा माणूस आहे. माझे वडीलही याच जातकुळीचे. किराणावाल्याने चुकून जास्त दिलेली चिल्लर परत करायला ते भर उन्हात पुन्हा बाजारात जात. पण दर दिवाळीच्या आधी ते फुलस्केप कागदावर, समास आखून, आवडत्या गाण्यांची यादी काढीत आणि मला घेऊन कॅसेट भरून देणाऱ्याच्या दुकानात जात. साठ मिनिटांची की नव्वदची, यावर घरी आधी चर्चा झालेली असे. दुकानदार यादी वाचून "हे बसणार नाही, मागच्या बाजूला टाकू का?" असे शिंप्याने कापड बेतावे तशा गांभीर्याने विचारी. आठवड्याने कॅसेट मिळाली की तिच्यावर चुकून दुसरे काही टेप होऊ नये म्हणून वडील वरच्या कडेचे दोन्ही चौकोनी तुकडे स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकीत. दुसऱ्याच्या गाण्यांची एवढी काळजी मी नंतर कुणाला घेताना पाहिलेली नाही. गायकाला, संगीतकाराला यातले काय पोचत असेल, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही. 1957चा कॉपीराइट कायदा तेव्हाही होताच. तो आमच्या पेठेत फिरकला नव्हता, इतकेच.

मला वाटते, चोरी म्हटली की आपल्याला रिकामी झालेली जागा दिसावी लागते. कपाटातला दागिना गेला की कपाट रिकामे दिसते. सिनेमा उतरवून घेतला तरी तो जिथे होता तिथे असतोच. शिवाय ज्याचे गेले त्याचा चेहरा दिसावा लागतो. हैदराबादचा निर्माता अण्णांना दिसत नाही, त्याची मोटार तेवढी दिसते, आणि "त्यांना काय कमी आहे?" हे वाक्य आपोआप तोंडी येते. मागावर उभे राहून ज्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या, ते मात्र अण्णांच्या घरातले आहेत.

पुस्तकांच्या बाबतीत तर आपण धर्मशास्त्रच आडवे घालतो. विद्याधन चोराला चोरता येत नाही आणि वाटल्याने वाढते, हे सुभाषित शाळेत पाठ झालेले असल्यामुळे कादंबरीची पीडीएफ पुढे पाठवणारा मनातून स्वतःला दानशूर समजतो. योगातल्या पाच यमांमधले अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, रोज सकाळी आसने करणाऱ्यांनाही आठवत नाही. माझा स्वतःचा एक हेका आहे, तो तर्काला धरून नाही हे मान्य करून सांगतो: छापणे बंद झालेल्या पुस्तकाची झेरॉक्स मला पवित्र वाटते, पण हयात मराठी लेखकाची पीडीएफ मी उघडत नाही. सिनेमाच्या बाबतीत मी एवढा सोवळा का नाही, हे विचारू नये.

परवा आमच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी एका लेखिकेची नवी कादंबरी टाकली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. पुस्तक तीनशे रुपयांना दुकानात मिळते, असे मी लिहिले, तर उत्तर आले, "सर, त्यांना वाचक मिळतोय ना!" दुसऱ्याने पान एकशे बारा पुसट आल्याची तक्रार करून स्वच्छ प्रत मागितली, आणि ती त्याला तासाभरात मिळाली. याच गटाने गेल्या हिवाळ्यात हुरडा पार्टीची वर्गणी माणशी पाचशे काढली होती. तेव्हा शेतकऱ्याला खाणारे मिळताहेत ना, असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही.