गाविलगड, चाळीस मीटर दोर आणि परतीचा पाऊस

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघांनी ठरवून टाकलं, की पाऊस गेला. पावसाला कोणी विचारलंच नव्हतं.

अकोल्यात चार दिवस कडक ऊन पडलं होतं, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. बेत मावसभावाचा. चिखलदऱ्याच्या थोडं अलीकडे मोथा गाव लागतं, तिथे ओळखीच्या एका गवळीकाकांच्या शेतात तंबू ठोकायचा, एक दिवस गाविलगड पालथा घालायचा आणि दुसऱ्या दिवशी गावामागच्या कड्यावर दोर लावून चढाई करायची. आमच्यातल्या तिसऱ्याला, म्हणजे बँकवाल्याला, किल्ल्यावरच झोपायचं होतं. पण हा मुलूख मेळघाटचा, 1974 पासून व्याघ्र प्रकल्प. इथे मनाला येईल तिथे पथारी टाकता येत नाही, आणि वाघाचं सोडा, अस्वल समोर आलं तर काय करायचं हे बँकवाल्याला तरी कुठे ठाऊक होतं!

परतवाड्यात बेसन, हिरव्या मिरच्या आणि पाच मीटर काळी पन्नी घेतली. पन्नी मीच घ्यायला लावली. बाकीचे दोघे हसले.

परतवाड्याहून निघालं की थोड्याच वेळात डोंगर एकदम अंगावर येतो. सह्याद्रीत असतात तशा टेकड्या-बिकड्यांची प्रस्तावना नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट रानं संपतात आणि समोर थेट भिंत. भूगर्भशास्त्रातले लोक याला गाविलगड भ्रंश म्हणतात. या रेषेवर जमीन तुटली आणि खोरं खाली बसलं. परतवाडा पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर, आणि मधे जेमतेम तीस किलोमीटरचा घाट. दक्षिणेकडून आलेल्या ढगाला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि चढला की तो रिकामा होतो. हे आम्ही शाळेत शिकलो होतो, पण घाटात अर्ध्यावर वायपर लावेपर्यंत कोणाला आठवलं नाही.

मोथ्यात पोचलो तेव्हा भुरभूर होती. काकांचं घर, घरामागे गोठा, गोठ्यामागे दोन एकर सोयाबीन. सोंगून झालेलं, वावराच्या कडेला गंजी लावून ठेवलेलं. गंजीच्या अलीकडे हिरवंगार गवत असलेली एक सपाट जागा होती, अगदी फोटोतल्यासारखी. आम्ही तिकडेच बॅगा टाकल्या.

"थ्या जाग्यावर नका लावू भाऊ," काका म्हणाले. "पान्याचा रस्ता हाय थो."

"काका, इथे तर कोरडं आहे."

"आता हाय."

एवढंच बोलून ते म्हशींकडे गेले. आम्ही तंबू तिथेच लावला. शहरातून येणाऱ्या माणसाला सपाट जागेचा मोह आवरत नाही, आणि जागा सपाट का आहे, तिथलंच गवत एवढं हिरवं का आहे, हे प्रश्न त्याला रात्री दीड वाजता पडतात.

दीड वाजता मला जाग आली ती पाठीखालची जमीन हलली म्हणून. म्हणजे खरंच हलली. तंबूच्या तळाखालून पाणी वाहत होतं आणि कापड फुगून पलंगाच्या गादीसारखं डुलत होतं. हात दाबला की खड्डा पडायचा, उचलला की पाणी परत भरून यायचं. गंमत म्हणजे आत अजून एक थेंब नव्हता. मी बँकवाल्याला हलवलं. तो अर्धवट झोपेत उठून कोपऱ्यावर रेलला, तिथली शिवण उसवली आणि मग सगळंच आत आलं. बाहेर विजेचा एक लोळ पडला. त्या उजेडात गोठ्याच्या दारात काका कंदील घेऊन उभे दिसले. "या" असं तोंडाने म्हणाले नाहीत, नुसता कंदील वर केला.

उरलेली रात्र गोठ्यात. अकरा म्हशी, डास पळावेत म्हणून केलेला शेणाच्या गोवऱ्यांचा धूर आणि पत्र्यावर पावसाचा ताशा. मला झोप मस्त लागली.

पहाटे काकू चुलीवर भलीमोठी कढई ठेवून बसल्या होत्या. घाटात कुठेतरी दगड-माती खाली आली होती, दूध न्यायला येणारी गाडी येणार नव्हती. अशा दिवशी सगळं दूध खव्यात जातं. म्हशीच्या चार-पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, पण तोवर सराटा थांबवायचा नाही. मी हौसेने हातात घेतला. वीस मिनिटांत खांदा भरून आला. दूध आटत आलं की कढईच्या कडेने साय धरते, ती खरवडून मधे ढकलायची, नाहीतर जळका वास सगळ्या घाण्याला लागतो. काकूंनी दोनदा काही न बोलता माझा हात धरून कडेकडे वळवला. तिसऱ्यांदा सराटाच काढून घेतला.

दहाच्या सुमाराला उघडीप मिळाली आणि आम्ही गाविलगडाकडे निघालो. धुकं इतकं दाट, की दरवाजा हाताला लागल्यावर दिसला. हा किल्ला 1425 च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा वलीने बांधवला असं मानतात. त्याआधी इथे गवळ्यांची गढी होती, त्यावरून नाव गाविलगड. आमचे काकाही हेच सांगतात, फक्त "आमची गढी" म्हणतात.

मला या किल्ल्याची 1803 ची गोष्ट कायम खुणावते. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग आत, आणि बाहेर आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. दक्षिणेची बाजू उभी, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगराला वळसा घालून, स्वतः वाट पाडत, तोफा ओढत उत्तरेला आणल्या. 15 डिसेंबरला बाहेरची तटबंदी फोडून सैन्य आत शिरलं, पण आतला कोट शिल्लक होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांचा वऱ्हाडावरचा हक्क गेला. हे सगळं मी धुक्यात उभा राहून सांगत होतो. मावसभाऊ मधेच म्हणाला, "पण तो डिसेंबरात आला होता ना? शहाणा होता."

तटावर शेवाळ असं होतं, की बुटाची पकड म्हणजे नुसती अंधश्रद्धा. आम्ही तोफ असलेल्या बुरुजाकडे सरकत होतो. झाडीतून वाट दिसत नव्हती, मधल्या तळ्याचं पाणी वाटेवर आलेलं. बुरूज बहुधा शंभर पावलांवर असेल. तेवढ्यात गडगडलं. फोनमध्ये पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप होतं, जवळपास वीज पडणार असेल तर सांगणारं. त्याला रेंज लागते, आणि रेंज मोथ्याच्या उंबराखाली सोडून आलो होतो. मग जुना हिशोब: चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, तिनाने भागायचं, तेवढे किलोमीटर. पहिल्यांदा अठरा मोजले. दुसऱ्यांदा अकरा. तिसऱ्यांदा मोजायला थांबलो नाही. उघड्या तटावरून खाली उतरून, मोठी झाडं टाळून, एका खोलगट जागेत खुज्या झुडपांमध्ये तिघं लांब लांब उकिडवे बसलो. एकमेकांना चिकटून बसायचं नाही हे माहीत होतं, तरी मनातून बसावंसं फार वाटत होतं.

पाऊण तास तसेच. मग दक्षिणेकडून ढग फाटला. खाली, सातशे मीटर खाली, अख्खं अचलपूरचं सपाट रान उन्हात पिवळं पडलेलं. त्या उन्हात वावरांचे चौकोन आणि चौकोनांच्या कोपऱ्यांत सोयाबीनच्या गंज्यांचे ठिपके. दहा मिनिटं असेल. पुन्हा पडदा पडला. बुरूज तसाच राहिला, तोफ पाहिली नाही. मावसभाऊ अजून म्हणतो, जाता आलं असतं. मला नाही वाटत.

कड्यावरची चढाई तर दोन मीटरमध्येच संपली. काळ्या खडकाच्या थरांमध्ये तांबूस मुरमाड थर असतात, ते भिजून नुसते लोण्यासारखे झाले होते. मावसभावाने जिथे बोट अडकवलं तो दगडच हातात आला. त्याने तो शांतपणे खाली ठेवला आणि दोर गुंडाळायला घेतला.

परत आलो तर काका गंजीजवळ उभे. रात्रीच्या वाऱ्याने त्यांची जुनी ताडपत्री एका बाजूने फाटून उडाली होती. "हात घाला भाऊ आतमधी," ते म्हणाले. मी कोपरापर्यंत हात घातला. बाहेर अंगाला हुडहुडी भरत होती आणि गंजीच्या पोटात ऊन पाण्यासारखं गरम. ओलं सोयाबीन असं तापतं, मग बुरशी धरते, शेंगेतच कोंब फुटतात. वरच्या थरातली एक शेंग त्यांनी सोलून दाखवली. दाण्याला पांढरा मोड आला होता, नखाएवढा.

गंजी उलगडून वाळवायला ऊन नव्हतं, आणि झाकावी तर वाफ आत कोंडते. तरी पाऊस तेवढा वाचवायला हवा. आम्ही तंबूचं वरचं कापड काढलं, माझी पाच मीटर पन्नी काढली, दोन्ही बाजूंनी टाकली आणि खालून हवा लागेल अशी फट ठेवली. मग मावसभावाने तो चाळीस मीटर दोर आणला. गंजीभोवती आडवा-उभा ताणून, खडकासाठी शिकलेल्या सगळ्या गाठी त्याने तिथे मारल्या. काका प्रत्येक गाठ ओढून बघत होते. एक त्यांना पटली नाही. ती सोडून त्यांनी आपली मारली.

दुसऱ्या दिवशी घाट मोकळा झाला. निघताना दोर सोडवायचा विषय मी काढला नाही, मावसभावानेही नाही. काकूंनी किलोभर खवा पळसाच्या पानांत बांधून दिला, पैसे घेतले नाहीत.

दिवाळीत काकांना फोन केला. अर्धा माल डागी निघाला होता, व्यापाऱ्याने भाव पाडून घेतला. मी दोराचं विचारलं.

"हाय न भाऊ. लय चांगला हाय. ते नवी म्हैस हाय न वांड, तिले बांधला."